पाठमोरा गिटारवाला

व्हेनिसच्या जार्दिनी बागेत, कालव्याच्या कडेला, काळ्या ग्रॅनाइटची एक चौकोनी पेटी उभी आहे. हे व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनातले ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय दालन. २०२२ च्या एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत या दालनाकडे येणाऱ्याला आधी आवाज लागायचा, मग माणूस दिसायचा, तोही पाठमोरा. हातात इलेक्ट्रिक गिटार, समोर जमिनीपासून छताला भिडणारा एलईडी पडदा, शेजारी अ‍ॅम्प्लिफायरची चळत. गिटारचा आवाज त्या पडद्याला चाळवायचा आणि काळ्यापांढऱ्या प्रतिमा एकामागून एक अंगावर येत राहायच्या. गाणे असे काही नव्हतेच. मध्ये टाळ्यांसाठी जागा नव्हती, ‘आता संपले’ असे सांगणारी तिहाईही नव्हती. दालन उघडले की वाजवायला सुरुवात, बंद झाले की थांबायचे. असे दोनशे दिवस.

मार्को फुसिनातो हे त्याचे नाव. जन्म १९६४ चा, मेलबर्नचा. आईवडील उत्तर इटलीतून स्थलांतर करून आलेले. म्हणजे आईबापांनी जो देश सोडला त्याच देशात मुलगा दुसऱ्या देशाचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून गेला, आणि तिथे जाऊन त्याने लोकांकडे पाठ केली. कथालेखकाने हा योग जुळवला असता तर संपादकाने ‘ओढूनताणून आणलाय’ म्हणून काट मारली असती.

फुसिनातो दोन धंदे करतो. गिटारवर तो ज्याला ‘नॉइज’ म्हणतात ते वाजवतो, आणि चित्रे, छपाई, मांडणशिल्पे करून ती दालनांतून लावतो. पहिल्या धंद्याचे ऐकणारे मोजके आणि निष्ठावान. दुसऱ्याचे गिऱ्हाईक म्हणजे संग्रहालये आणि संग्राहक. व्हेनिसमध्ये हे दोन्ही धंदे एका खोलीत आले आणि त्यावर एका सरकारी कला परिषदेचा शिक्का बसला. तळघरातले संगीत असे राष्ट्राच्या दिवाणखान्यात आणून बसवणे हा त्या संगीताचा मान की त्याची शिकार, हा वाद त्यामुळे उभा राहतो. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. एका बाजूचे लोक ‘हा नुसता गोंगाट’ म्हणून हात झटकतात आणि दुसऱ्या बाजूचे ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणून. दोघांचाही आळस सारखाच.

‘अंडरग्राउंड’ला मराठीत भूमिगत म्हटले की आपल्याला बेचाळीस आठवते. त्या भूमिगतांना पोलीस शोधत असत. अंडरग्राउंड गिटारवाल्याची पंचाईत अशी की त्याला कोणीच शोधत नाही. ऑस्ट्रेलियात ही पंचाईत आणखी मोठी, कारण लंडन-न्यूयॉर्क दोन्ही दूर आणि देशातली शहरेही एकमेकांपासून हजारो किलोमीटरवर. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथे जो रॉक उगवला त्याची मुळे मात्र बऱ्याचदा चित्रशाळेत सापडतात. निक केव्ह मेलबर्नच्या कॉलफिल्डमध्ये चित्रकला शिकत होता, दुसऱ्या वर्षी नापास झाला आणि ‘द बॉइज नेक्स्ट डोअर’ घेऊन गाण्याकडे गेला. ‘मेंटल अ‍ॅज एनिथिंग’ हा बँड सिडनीच्या कला महाविद्यालयातल्या पोरांनी काढला. त्यातल्या रेज मोम्बासाची चित्रे पुढे मॅम्बो कंपनीच्या शर्टांवरून सगळ्या देशाच्या छातीवर फिरली. पर्थच्या किम सॅमनने कलाशिक्षण सोडून ‘द सायंटिस्ट्स’ उभा केला, आणि अमेरिकेतल्या ‘मडहनी’सारख्या बँडनी नंतर त्याचे ऋण मानले. चित्र आणि गिटार यांचा घरोबा तिथे जुना आहे. या मंडळींनी दोन्ही गोष्टी केल्या, पण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या खिशांतून. फुसिनातोने दोन्ही एकाच खिशात घातल्या. त्याच्या चित्रात आवाज असतो आणि वादनाला तो चित्रासारखी चौकट घालतो.

त्याचे एक जुने काम यासाठी पाहण्यासारखे आहे. १९९८ पासून पुढची काही वर्षे तो ठिकठिकाणच्या वाद्यांच्या दुकानात शिरे, गिऱ्हाइकासारखी गिटार मागून घेई, अ‍ॅम्पला जोडे आणि तिथेच आपले वाजवणे सुरू करी. त्याची नोंद ठेवी. या मालिकेला त्याने नाव दिले ‘फ्री’. गिटारचे दुकान ज्याने पाहिले आहे त्याला यातली गंमत लगेच कळेल. अशा दुकानात दिवसभर कोणी ना कोणी पोरगा भिंतीवरची महागडी गिटार उतरवून, नुकताच बसवलेला एखादा प्रसिद्ध तुकडा वाजवत असतो. विकत घ्यायची नसते हे त्याला माहीत असते, दुकानदारालाही माहीत असते. ‘वाजवून बघतोय’ हा त्या दोघांमधला अलिखित करार. फुसिनातो त्याच करारात बसतो, फक्त ओळखीचा तुकडा न वाजवता तारा किंचाळायला लावतो. आता दुकानदाराने काय करावे? गिऱ्हाईक वाद्य तपासते आहे. वाद्यातून आवाजच येतो आहे. कोणत्या क्षणी हे ‘तपासणे’ थांबून उपद्रव सुरू झाला?

फुसिनातोच्या सगळ्या कामाचा गाभा मला या दुकानातल्या पेचात दिसतो. आवाज कोणाच्या जागेत, कोणाच्या परवानगीने आणि कुठवर चालतो, हे तो ताणून बघतो. तिकीट नाही, मंच नाही, अनुदान नाही; पदरमोड काय ती बसभाड्याची. व्हेनिसच्या दालनाला तोलायचे असेल तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात हे दुकान ठेवले पाहिजे.

पाठ करण्याबद्दलही थोडे. पुष्कळांना तो उद्धटपणा वाटतो, आणि रॉकमध्ये उद्धटपणाचे भांडवल करणारे कमी नाहीत. पण इथे तांत्रिक कारणही आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार हलली की वेटोळ्यात वीज उमटते, ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाढते, स्पीकरमधून आवाज होऊन बाहेर येते. आवाज पुरेसा मोठा असेल तर तोच परत येऊन तारेला हलवतो आणि चक्र आपोआप फिरू लागते. हाच फीडबॅक. वादकाने पुढे काही न करता सूर टिकून राहतो, वाढतो, कधी वरच्या स्वरात उडी मारतो. त्याला लगाम घालायचा तर गिटार स्पीकरकडे किती वळवायची, किती अंतरावर धरायची, हे वीतभराच्या हालचालीने साधावे लागते. म्हणजे असा वादक स्पीकरकडे तोंड करून उभा राहिला तर त्याची पाठ लोकांकडे येणारच. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा संचालक लोकांकडे पाठ करतो. आपल्या देवळात पूजा करणाऱ्या गुरवाचीही पाठच दिसते, आणि त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

२०१२ पासून फुसिनातो ‘स्पेक्ट्रल अ‍ॅरोज’ नावाने जे करतो आहे ते या पाठीचेच विस्तारित रूप. सकाळी संग्रहालय किंवा दालन उघडते तेव्हा तो अ‍ॅम्पकडे तोंड करून वाजवायला लागतो आणि ते बंद होईपर्यंत वाजवतो. कार्यक्रमाची लांबी कलावंत ठरवत नाही, रखवालदाराची पाळी ठरवते. लोक येतात, दोन मिनिटे थांबतात, कान झाकतात, जातात. कोणी तासभर भिंतीला टेकून बसतो. मैफल म्हणून पाहिले तर हे कंटाळवाणे, मजुरी म्हणून पाहिले तर ओळखीचे. कारखान्यात, बँकेच्या खिडकीमागे किंवा मालवाहू गाडीच्या चाकामागे बसलेला माणूस हेच तर करत असतो. रॉकने आपल्याला दीड तासाचा बेभान देवदूत दाखवला. या माणसाने आठ तासांची ड्यूटी दाखवली.

विरोधकांचे म्हणणे पहिल्यांदा इथेच ऐकले पाहिजे, कारण ते कानाचेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या कामगार-सुरक्षा नियमांत आठ तासांसाठी सरासरी ८५ डेसिबलची मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०५ वर पोचलात तर पाच मिनिटेही नाहीत. फुसिनातोच्या २००९ च्या ‘एथेरिक प्लेक्सस’मध्ये प्रेक्षक जवळ गेला की दिव्यांच्या मोठ्या चौकटीतून डोळे दिपवणारा प्रकाश आणि कानठळ्या बसवणारा आवाज एकदम अंगावर येतो. २०१८ च्या सिडनी बिएनालेत त्याने ‘कॉन्स्टेलेशन्स’ मांडले: एक लांबलचक पांढरी भिंत, तिला साखळीने बांधलेली बेसबॉलची बॅट. प्रेक्षकाने बॅट उचलून भिंत बडवायची. भिंतीच्या पोटात मायक्रोफोन आणि ध्वनियंत्रणा दडवलेली. ठोका १२० डेसिबलने घुमतो. मोठी माणसे रांग लावून भिंत फोडत होती.

मोठा आवाज करणे ही काही कर्तबगारी नव्हे, हे ज्याच्या घराखालून भाद्रपदात डीजेची गाडी जाते त्याला पटवून द्यायला नको. आवाज हा बळजबरीचा प्रकार असू शकतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणून ‘एथेरिक प्लेक्सस’बद्दल माझे मत फारसे चांगले नाही. बेसावध माणसाला दचकवणे ही जत्रेतल्या भुताच्या घराची करामत आहे, आणि भुताच्या घराला निदान बाहेर पाटी असते. ‘कॉन्स्टेलेशन्स’चे तसे नाही. तिथे आवाज करणारा प्रेक्षक स्वतः असतो. बॅट साखळीला बांधलेली असते हे विसरू नये: बडवा, पण साखळीच्या लांबीइतकेच. त्या साखळीकडे पाहिले की कलादालनातल्या स्वातंत्र्याबद्दल आणखी काही लिहायची गरज उरत नाही.

आणि मग ‘मास ब्लॅक इम्प्लोजन’ आहे. आवाजाने किटलेल्या वाचकाने इथे जरा थांबावे, कारण हे काम मुके आहे. विसाव्या शतकातल्या धाडसी संगीतकारांच्या छापील स्वरलिप्यांच्या हुबेहूब प्रती फुसिनातो घेतो. पानावर कुठेतरी एक बिंदू ठरवतो. मग पट्टी ठेवून पानावरच्या प्रत्येक स्वरापासून त्या बिंदूपर्यंत काळ्या शाईने सरळ रेघ ओढतो. एकही स्वर सोडायचा नाही. पान दाट असेल तर शेकडो रेघा एका टोकाला येऊन मिळतात आणि तिथे शाईचा जवळजवळ काळा ठिपका होतो. कल्पना अशी की संगीतकाराने वेळेच्या ओघात पसरलेले सगळे स्वर एकाच क्षणी वाजावेत. वाचता येणारे संगीत वाजवता न येणारे होते, आणि न वाजवता ऐकूही येते. निदान मला आले.

ग्रीक-फ्रेंच संगीतकार यानिस झेनाकिसच्या ‘शार’ या रचनेवर केलेली अशी पाने न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१३ मध्ये ‘साउंडिंग्ज’ या प्रदर्शनात लावली होती. ही निवड मार्मिक आहे. झेनाकिस स्थापत्यविशारद ल कॉर्ब्यूझिएच्या कार्यालयात काम करणारा अभियंता. तरुणपणी ग्रीसमधल्या सशस्त्र लढ्यात त्याचा एक डोळा गेला. तो संगीत आलेखावर रेघा ओढून रचायचा. १९५० च्या दशकातल्या ‘मेटास्टासिस’मध्ये तंतुवाद्यांच्या मींडा त्याने सरळ रेघांनी आखल्या, आणि तशाच रेघांच्या विणीतून १९५८ मध्ये ब्रुसेल्सला फिलिप्स कंपनीचे वक्र भिंतींचे दालन उभे राहिले. म्हणजे फुसिनातोने त्याच्या पानावर पट्टी ठेवली तेव्हा तो परक्याच्या शेतात शिरला नव्हता. फरक एवढाच की झेनाकिसच्या रेघा कुठेतरी जातात. फुसिनातोच्या सगळ्या एकाच विहिरीत पडतात.

या कामात दिखाऊ बंड नाही, भीती घालणे नाही. पट्टी, शाई आणि न कंटाळणारा हात. ज्या माणसाने हे केले तोच दिवसाचे आठ तास फीडबॅक धरून बसतो, हे मग विसंगत वाटत नाही.

आता अवघड भाग. ‘द इन्फिनिटिव्ह्ज’ या मालिकेसाठी फुसिनातो जगभरच्या वृत्तछायाचित्रांतून एकच क्षण निवडतो: दंगल पेटली आहे, मागे आग आहे, एका माणसाने दगड उगारला आहे. ते छायाचित्र तो ऐतिहासिक तैलचित्रांच्या भव्य आकारात, ठिपक्याठिपक्यांच्या छपाईने धातूच्या पत्र्यावर उतरवतो. दगड अजून सुटलेला नाही. मालिकेचे नाव तिथूनच आले: क्रियापदाचे असे रूप की ज्याला ना काळ आहे, ना कर्ता. चित्र म्हणून परिणामकारक यात शंका नाही. पण दगड उगारलेल्या त्या माणसाला काळही होता आणि नावही. त्यानंतर त्याचे काय झाले असेल, तो घरी पोचला की कोठडीत, याचा थांग या पत्र्यावर लागत नाही. आणि ही चित्रे खासगी दालनातून विकली जातात. कोणा धनिकाच्या जेवणघरात, मंद दिव्याखाली, दुसऱ्याच्या रस्त्यावरचा दगड टांगला जातो.

याचा बचाव काय? एक म्हणजे हे पहिल्यांदा घडत नाही. देलाक्रुआचे क्रांतीचे प्रसिद्ध चित्र १८३१ मध्ये फ्रान्सच्या सरकारनेच तीन हजार फ्रँकला विकत घेतले, आणि लोक पेटतील या धास्तीने थोड्याच काळात लोकांच्या नजरेआड केले. बंडाचे चित्र सत्तेने विकत घेणे जुनेच. मला मात्र या दाखल्यातून बचावापेक्षा आरोपच अधिक दिसतो. तेव्हा सरकार ते चित्र लपवत होते, म्हणजे घाबरत होते. आज असे चित्र भिंतीवर राजरोस लागते आणि कोणाच्याही पोटात गोळा येत नाही.

दुसरा बचाव अधिक वजनदार आहे आणि तो फुसिनातोच्या स्वतःच्या कामातूनच येतो. २०१५ च्या व्हेनिस बिएनालेत, ओक्वुई एन्वेझोरने मांडलेल्या मुख्य प्रदर्शनात, त्याने एक मोठे टेबल ठेवले होते. टेबलाच्या कडेने पुस्तकांचे गठ्ठे. मिलानमध्ये प्रिमो मोरोनी या पुस्तकविक्रेत्याच्या नावाने एक अभिलेखागार आहे. चळवळींची पत्रके, नियतकालिके, बंडखोरांचे कागद तिथे जपलेले आहेत. त्यातल्या मजकुराचे हे पुस्तक होते. दहा युरो टेबलावर टाकायचे आणि पुस्तक उचलून घेऊन जायचे. गल्ला नाही, कुलूप नाही. मध्यभागी नोटांचा ढीग उघड्यावर वाढत जायचा, कडेची पुस्तके कमी होत जायची. जमलेली रक्कम त्या अभिलेखागाराला. कलाव्यवहारातल्या पैशाकडे बोट दाखवणारे पुष्कळ असतात. त्या पैशाची वाट खरोखर वळवून, बिऱ्हाड बेकायदा म्हणून पोलिसांनी एकदा हुसकलेल्या अशा अभिलेखागाराच्या घरात तो नेऊन पोचवणारे थोडे. या एका टेबलासाठी मी ‘इन्फिनिटिव्ह्ज’चे अर्धे पाप माफ करायला तयार आहे. अर्धेच.

या सगळ्या हिशेबानंतर २०२२ च्या दालनाकडे परत यावे. कामाचे नाव ‘देसास्त्रेस’, आणि ते गोयाच्या युद्धचित्रमालिकेवरून घेतलेले. अॅलेक्सी ग्लास-कँटॉर ही त्याची क्युरेटर. साथीमुळे बिएनाले एक वर्ष पुढे ढकलली गेली होती. जग घरात कोंडून पडद्याकडे बघत बसले होते, आणि नेमक्या त्याच सवयीला फुसिनातोने हात घातला. इकडून तिकडून गोळा केलेल्या, संदर्भ सोलून काढलेल्या प्रतिमा, गिटारच्या संकेताबरोबर कोणत्याही क्रमाने उमटणाऱ्या. समर्थक म्हणतात, आपले बघणे आज असेच झाले आहे. अंगठा सरकवला की मृतदेह, पुढे पाककृती, पुढे मांजर. त्याचे इतके प्रामाणिक चित्र दुसरे कोणी काढले नाही.

मान्य. पण गोयाचे नाव घेतले की गोयाचा हिशेबही द्यावा लागतो. गोयाने १८१० ते १८२० च्या दरम्यान ती चित्रे पत्र्यांवर कोरली, हयातीत प्रसिद्ध केली नाहीत; १८६३ मध्ये मालिका प्रसिद्ध झाली तेव्हा त्याला जाऊन पस्तीस वर्षे झाली होती. त्याला त्यातून ना पैसा मिळाला ना टाळी. आणि मुख्य म्हणजे त्याने प्रत्येक चित्राखाली शब्द लिहिले. एका पत्र्याखाली तर ‘हे मी पाहिले’ अशा अर्थाचे शब्द आहेत. एवढे म्हणण्याने चित्रकार साक्षीदार होतो, जबाबदारी अंगावर घेतो. ‘देसास्त्रेस’च्या पडद्याखाली कोणतेच शब्द नाहीत, आणि क्रमही यंत्राने ठरवलेला. कोणत्या प्रतिमेनंतर कोणती, याचे उत्तर द्यायला कोणी बांधील नाही. ज्याने झेनाकिसच्या पानावरचा एकही स्वर सोडला नाही, त्याने इथे सगळेच योगायोगावर सोडावे, हे मला खटकते. फोनवर फुकट दिसणारा विस्कळीतपणा मोठ्या पडद्यावर आणि मोठ्या आवाजात दाखवला म्हणून तो अधिक कळतो असे नाही.

राहिला सरकारी पैशाचा मुद्दा. करदात्याच्या पैशाने असले काही का, असे विचारणाऱ्याला मूर्ख ठरवायची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे देता येईल की राष्ट्रीय दालनात देशाची गोमटी बाजूच लागावी असा नियम केला तर ते पर्यटन खात्याचे दुकान होईल. ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये पाठमोरा माणूस पाठवला. २०२४ मध्ये आर्ची मूर या मूलनिवासी कलावंताने काळ्या भिंतींवर खडूने आपली हजारो वर्षांची वंशावळ लिहिली, आणि देशाला राष्ट्रीय सहभागाचा गोल्डन लायन पहिल्यांदा मिळाला. या दोन्ही निवडी धाडसाच्या होत्या. पण २०२५ चा फेब्रुवारी आठवावा. लेबनॉनमध्ये जन्मलेला, तरुणपणी हिपहॉपमधून आलेला खालेद सबसाबी २०२६ साठी निवडला गेला आणि त्याच्या २००६-०७ मधल्या दोन जुन्या कामांवरून संसदेत प्रश्न येताच सहा दिवसांत त्याची निवड रद्द झाली. कलाक्षेत्रातून गदारोळ उठला, चौकशी झाली, जुलैमध्ये निवड परत बहाल करण्यात आली. सबसाबीच्या त्या वादात सापडलेल्या कामात ज्याचा चेहरा होता तो माणूस ओळखू येत होता. फुसिनातोच्या दगडवाल्याला कोणी ओळखत नव्हते. सरकारला निनावी बंड चालते, नाव असलेले चालत नाही, असा याचा अर्थ मी काढतो. आणि मग प्रतिमांची नावगावे सोलून काढणे ही केवळ सौंदर्यदृष्टी राहत नाही, ती सोयीचीही ठरते. फुसिनातोने सोय म्हणून ते केले असे मी म्हणत नाही. त्याची ही रीत सबसाबी प्रकरणाच्या कितीतरी आधीची आहे. पण परिणाम परिणामच असतो.

तरीही पारडे मी त्याच्या बाजूने झुकवतो, आणि त्याचे कारण पडद्यावर नाही, पडद्यासमोरच्या माणसात आहे. ओळखीच्या गाण्याचा आसरा न घेता, कोणाकडून दाद न मागता, पन्नाशी उलटलेला एक माणूस जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित कलाप्रदर्शनात रोज कामावर आला. उद्घाटनाच्या आठवड्यात समीक्षक आणि संग्राहक असतात तेव्हा कोणीही वाजवेल. ऑगस्टच्या उकाड्यात आईस्क्रीम खात शिरलेल्या आणि कानावर हात ठेवून निघून गेलेल्या कुटुंबासाठीही त्याने तेवढेच वाजवले. गिटारच्या दुकानात शिरणारा तो तरुण आणि हा माणूस एकच आहे, याची खूण त्या हजेरीपटात सापडते. सरकारने त्याला विकत घेतले असे म्हणणाऱ्यांनी दोनशे दिवसांची मजुरीही मोजावी.

माझ्या हाती त्या दालनाच्या किल्ल्या असत्या तर मी पडदा बंद केला असता आणि गिटार चालू ठेवली असती.